कूळ घरमालक होते तेव्हा

नवी मुंबईचा इतिहास लिहिणारे बहुधा नकाशापासून सुरुवात करतात. १९६४-६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी मुक्रर झाला. हा सरकारी दप्तरातला इतिहास आहे आणि तो खोटा नाही. परंतु या इतिहासात खोली भाड्याने देणारा माणूस नाही आणि ती भाड्याने घेणाराही नाही. वास्तविक या शहरात राबायला आलेल्या माणसाची पहिली गाठ पडली ती सिडकोशी नव्हे, घरमालकाशी. या घरमालकाचा इतिहास तपासणे आपल्या दृष्टीने अगत्याचे आहे. कारण तो स्वतः कालपर्यंत कोणाचे तरी कूळ होता, आणि आज त्याच्या जागी हळूहळू आपलीही माणसे येऊन बसत आहेत.

घरमालकाने कोणत्या चुका टाळाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. वकिलाने किंवा दलालाने सांगावा असा. पण आपल्या देशात जमीन आणि घर यांचा कोणताही व्यवहार जातीला वगळून झालेला नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ते आधी खोताच्या ओसरीवर जाऊन शोधले पाहिजे.

१

खोत हा मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला वसूल करणारा. पुढे तोच कोकणात गावचा धनी होऊन बसला. जमीन कसणारा आगरी, कुणबी, महार. आणि पिकाचा वाटा नेणारा खोत. कुळाकडून तो कबुलायत लिहून घेई. तिची मुदत फार तर वर्षाची. वर्ष सरले की कूळ पुन्हा दारात उभे. म्हणजे पिढ्यान् पिढ्या एकच शेत कसूनही कुळाचा त्या शेतावर कसलाही हक्क उत्पन्न होऊ नये, याची ती तजवीज होती. खाऱ्या पाण्याशी झुंजून बांध घालायचा कुळाने, आणि त्या बांधावर लावलेल्या भाजीतही वाटा मागायचा खोताने. दिलेल्या धान्याचा हिशेब कुळाच्या हाती नसे. वही खोताची, लेखणी खोताची आणि मापही खोताचे.

याचा परिणाम काय झाला? अलिबाग तालुक्यातल्या चरी या गावी १९३३ साली शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले. पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. जंगलातली लाकडे विकून आणि मिळेल ती मजुरी करून माणसे जगली, पण नांगर धरला नाही. हा संप सहा वर्षे टिकला. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि शेतकऱ्यांच्या परिषदेसमोर बोलले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. आगरी, कुणबी, महार हे त्या मोर्चात एका रांगेत चालले, ही गोष्ट आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे.

पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. १९३९ च्या कायद्याने कुळांना संरक्षण देण्यास सुरुवात केली. १९४८ साली कुळकायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कूळ हे जमिनीचे मालक मानले गेले. परंतु कायद्याने दिलेले सर्वांनाच मिळाले असे नाही. ज्याचे नाव दप्तरी होते, ज्याच्याजवळ एखादी पावती होती, त्याला जमीन मिळणे सोपे गेले. ज्याने तोंडी शब्दावर जमीन कसली, तो सिद्ध काय करणार? त्यात मोठा भरणा कोणाचा होता, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको.

खोताच्या चुका मोजायच्या तर त्या अशा : त्याने कुळाच्या हाती कागद दिला नाही. घेतलेल्याची पावती दिली नाही. मुदत इतकी आखूड ठेवली की कुळाला त्या जमिनीची आपुलकी वाटू नये. आणि कुळाला माणूस मानले नाही. खोताला वाटे की ही त्याची हुशारी आहे. प्रत्यक्षात सहा वर्षे शेते पडीक राहिली आणि शेवटी खोतीच गेली.

२

खाडीच्या अलीकडे मुंबईत हीच गोष्ट घरांच्या बाबतीत घडत होती. गिरणीसाठी माणसे हवी होती, पण ती राहणार कोठे याची फिकीर गिरणीमालकाला नव्हती. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून दोनशेच्या वर चाळी बांधल्या. त्याच बी. डी. डी. चाळी. एक खोली १६० चौरस फुटांची. संडास, नळ समाईक. तेथे घरमालक सरकार होते, म्हणून निदान दारात जात विचारून परत पाठवले जात नव्हते. अस्पृश्य कामगाराला मुंबईत डोके टेकायला जागा मिळाली ती अशा सरकारी, ट्रस्टच्या आणि नगरपालिकेच्या चाळींत. खुद्द बाबासाहेब परळच्या पोयबावडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले, हा योगायोग नव्हे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला त्याने छत दिले. पण वर्षे गेली, महागाई वाढली, आणि भाडे जिथल्या तिथे राहिले. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. पागडी हा शब्द रूढ झाला. पावती थोड्या रुपयांची आणि हातावर ठेवायची रक्कम हजारांची. गोठवलेले भाडे हे अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला.

मधली एक घटना विसरता कामा नये. भाडेकरूचे हक्क टाळण्यासाठी मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची युक्ती काढली होती. तुम्ही भाडेकरू नाही, केवळ परवानगीने राहता, असा कागद. १९७३ साली कायदा दुरुस्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे अशा करारावर राहत होते ते सारे भाडेकरू ठरले. त्या दिवसापासून मुंबईच्या घरमालकाच्या मनात जे भय शिरले ते अजून गेलेले नाही : भाड्याने दिलेली खोली परत मिळत नाही. नवी मुंबईत तेव्हा पहिले सेक्टर आखले जात होते, आणि नव्या शहराच्या घरमालकाने जुन्या मुंबईकडून पहिला वारसा घेतला तो या भयाचा. आजही ‘कागद करू नका, कागद केला की तो हक्क सांगेल’ असे सांगणारे शहाणे गल्लोगल्ली भेटतात. हा समज किती उलटा आहे ते पुढे पाहू.

३

आता नवी मुंबईकडे वळू. १९७० नंतर येथे भूसंपादन सुरू झाले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी खोताविरुद्ध नांगर खाली ठेवला होता, त्याच समाजाची भातशेती आणि मिठागरे आता सरकार घेत होते. जमीन कसून मालक झाल्याला पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई आणि नवघर परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. त्या बलिदानातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. नव्वदच्या दशकात ती योजना राबवली जाऊ लागली. भूखंडाचा आकार गेलेल्या जमिनीच्या प्रमाणात ठरणार होता. साहजिकच ज्याच्या नावे सातबारा नव्हता, तो शेतमजूर या हिशेबात मागेच राहिला.

शेत गेले, मासळी आटली, मोबदल्याचा पैसा लग्नात आणि आजारपणात संपला. उरले ते गावठाणातले घर. दुसरीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहत होते, वाशीला आणि तुर्भ्याला घाऊक बाजार येत होते, डोंगर फोडून खडी निघत होती. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून उठलेली माणसे खडी फोडायला, हमाली करायला, इमारती बांधायला येत होती. त्यांना सिडकोचे घर परवडणारे नव्हते. काही जण तुर्भे, रबाळे, दिघा येथे टेकडीच्या उतारावर झोपडी घालून राहिले. बाकीचे गावठाणात आले. शेतकऱ्याने गोठा पाडून चार खोल्या काढल्या. मग त्यावर मजला. मग त्यावर आणखी एक. भातशेतीचे उत्पन्न गेले होते, ते खोल्यांच्या भाड्याने भरून निघू लागले. अशा रीतीने कुळाचा नातू घरमालक झाला.

या घडामोडीत निंदा करण्यासारखे काही नाही. जमीन हिरावलेल्या माणसाने जगायचे कसे? परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्याला मालकी मिळाली, पण मालकीची रीत शिकवणारा कोणी नव्हता. त्याने पाहिलेला एकमेव मालक म्हणजे खोत. आणि दुसरी गोष्ट : सिडकोच्या सेक्टरांत ज्यांनी घरे घेतली त्यांचीही मालकी पूर्ण नव्हती. सिडकोने जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली होती. घर दुसऱ्याच्या नावे करायचे तर सिडकोची परवानगी आणि तिचे शुल्क. म्हणजे ‘मी मालक’ म्हणून छाती काढणारा सेक्टरातला सद्गृहस्थ कायद्याने एका मोठ्या जमीनदाराचे कूळच होता. हे ज्याच्या लक्षात राहील, तो आपल्या भाडेकरूशी जरा जपून बोलेल.

४

आता चुकांविषयी. मी येथे दुसऱ्यांना शहाणपण सांगायला बसलेलो नाही. आयुष्याची कमाई घालून मी एका सेक्टरात लहानशी खोली घेतली. पुढे बदली झाली आणि ती भाड्याने दिली. घेणारा मराठवाड्यातला, आपलाच माणूस. मी म्हणालो, ‘अरे, आपल्यात कागद कशाला?’ त्यालाही ते बरे वाटले. मी दरमहा पैसे घेत होतो, पावती देत नव्हतो. दीड वर्षाने तो घरी आला आणि संकोचाने म्हणाला, ‘दादा, राहत्या जागेचा काही कागद मिळंल का? रेशनकार्डाला पुरावा मागतेत. पोरीच्या शिष्यवृत्तीलाबी पत्ता लागतो.’ मी टाळले. नोंदणीचा खर्च, चकरा, आणि खरे सांगायचे तर मनात तेच १९७३ चे भय. तो काही बोलला नाही. दोन महिन्यांनी खोली सोडून गेला. जाताना फरशी धुऊन, किल्ली शेजारी ठेवून गेला. त्या मुलीच्या शिष्यवृत्तीचे काय झाले, हे मी विचारले नाही. नंतर चरीच्या संपाविषयी वाचताना कबुलायतीपाशी आलो आणि पान पुढे उलटेना.

पहिली चूक म्हणून हीच : कागद न करणे. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी असला पाहिजे आणि नोंदलेला असला पाहिजे, असे सांगितले आहे. नोंदणीची जबाबदारी भाडेकरूची नव्हे, घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदलेला करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे कागद न केल्याने मालक सुरक्षित होतो हा समज साफ चुकीचा आहे. उलट २४ व्या कलमाप्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार असेल आणि मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न अडकता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि मुदतीनंतरच्या काळाचे दुप्पट शुल्क मागता येते. मुद्रांक शुल्कही काही घर विकायला लावणारे नाही. मुदतीतले एकूण भाडे आणि अनामतीवर धरलेले दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर शेकडा पाव टक्का. १९७३ चे भय आता कायद्यात उरलेले नाही, फक्त आपल्या डोक्यात उरले आहे. आणि भाडेकरूच्या दृष्टीने तो कागद म्हणजे त्याचा या शहरातला पत्ता आहे. पत्ता नसलेल्या माणसाला हे राज्य ओळखत नाही.

दुसरी चूक पावती न देण्याची. कायदा म्हणतो, घेतलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती दिली पाहिजे, आणि न देणे हा गुन्हा आहे. तरीही गावठाणात ‘वहीत मांडलंय’ एवढेच उत्तर मिळते. वही कोणाची? मालकाची. वाद झाला म्हणजे ती वही काही सिद्ध करीत नाही, उलट संशय वाढवते. अनामत रकमेचेही तसेच. किती घेतली, कशासाठी कापली जाईल, परत कधी मिळेल, हे आधी लिहून ठेवले नाही तर खोली सोडण्याच्या दिवशी भांडण ठरलेलेच. खोली देताना भिंती, नळ, दारे, विजेचा मीटर यांची स्थिती लिहून दोघांनी सह्या कराव्यात. खोली घेणारा गरीब असला तरी त्याची सही खोटी नसते.

तिसरी चूक पाणी आणि वीज तोडण्याची. भाडे थकले की नळ बंद करायचा, मीटरची फ्यूज काढायची, सामान बाहेर ठेवायचे. हा घरमालकाला आपला अधिकार वाटतो. १९९९ च्या कायद्यात २९ वे कलम आहे. पाणी, वीज, जिन्यातले दिवे यांसारख्या आवश्यक सोयी वाजवी कारणाशिवाय तोडता येत नाहीत. तोडल्यास न्यायालय त्या पुन्हा चालू करायला लावते आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. भाडे थकले तर त्याला रीतसर मार्ग आहे. भाडेकरूला लेखी नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस वाट पाहायची. त्याने तरीही दिले नाही, तरच दावा. ही दिरंगाई मालकाला जाचते हे खरे. पण पाण्याचे नाव निघाले की आपल्याला तरी थबकले पाहिजे. १९२७ साली महाडला आपण कशासाठी गेलो होतो? पाणी बंद करून माणसाला वठणीवर आणण्याची विद्या कोणाची आहे, हे ज्यांच्या पूर्वजांना ठाऊक होते त्यांनीच नळाची चावी खिशात घालून फिरावे, ही गोष्ट क्षमा करण्यासारखी नाही.

चौथी चूक दुरुस्ती टाळण्याची आणि मजल्यावर मजला चढवण्याची. जागा राहण्याजोगी ठेवणे हे कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस देऊनही मालक हलला नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करू शकतो. पण प्रश्न गळक्या छपराचा असता तर बरे होते. ४ एप्रिल २०१३ रोजी नवी मुंबईच्या सीमेला लागून असलेल्या शीळफाटा येथे अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. बांधकाम अजून संपलेही नव्हते. तरी आत माणसे राहत होती. २७ जुलै २०२४ रोजी बेलापूरच्या शहाबाज गावात पहाटे इमारत पडली आणि तिघे गेले. दिघ्यात सरकारी जमिनीवरच्या इमारतींवर २०१५ नंतर न्यायालयाच्या आदेशाने हातोडा पडू लागला, तेव्हा रस्त्यावर आली ती तेथे राहणारी कुटुंबे. बांधणारे केव्हाच पैसे घेऊन निघून गेले होते. प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी घरे बांधली, त्यांना न्याय मिळालाच पाहिजे, हे मी मानतो. परंतु गरजेपोटी पहिला मजला चढतो. चौथा मजला लोभापोटी चढतो. पायाचा विचार न करता चढवलेल्या मजल्याखाली जो झोपतो तो मालक क्वचितच असतो.

पाचवी चूक सारे काही दलालावर सोपवण्याची. दलाल माणूस आणतो, दलाल भाडे ठरवतो, दलाल कागद आणतो आणि मालक न वाचता सही करतो. पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात की भाडेकरूची माहिती ठाण्याला द्यावी. तीही दलालच देतो, किंवा देत नाही. ज्या माणसाला आपण घर देतो त्याचे तोंड आपण पाहिलेले नसते. मग त्याच्या अडचणी, त्याच्या घरातले आजारपण, त्याची सुटलेली नोकरी, हे आपल्याला कळते ते थकबाकी म्हणून. कित्येक खोतही गावात राहत नसत. त्यांचा कारभारी येत असे.

५

सहावी चूक मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. कारण ती व्यवहारातली चूक नाही, मनातली आहे.

‘खोली आहे का?’

‘आहे. किती माणसं? काम कुठं?’

‘रबाळ्याला कंपनीत.’

‘आडनाव काय?’

येथे क्षणभर शांतता होते. ती ज्याने अनुभवली नाही त्याला तिचे वर्णन करून उपयोग नाही. मग, ‘खोली आहे, पण पाहुणे यायचेत,’ किंवा ‘आम्हांला शाकाहारी पाहिजे.’ मासळीवर वाढलेल्या गावात, सुक्या बोंबलांच्या वासाच्या गल्लीत, ‘शाकाहारी पाहिजे’ याचा अर्थ काय होतो ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या तरुणाला शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. ते उघडकीस आल्यावर काठ्या घेतलेले लोक दाराशी आले. हिंदू मित्राने घर नाकारले, ख्रिस्ती मित्राने नाकारले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. घरमालकांच्या इतिहासात बडोद्याच्या त्या दिवसाला स्वतंत्र प्रकरण दिले पाहिजे.

१९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्याला १९७६ नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, कोणत्याही वस्तीत घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे गुन्हा ठरवले. कायदा आहे. पण नाकारणारा कारण सांगत नाही, आणि न सांगितलेल्या कारणाविरुद्ध साक्ष कोण देणार? डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. नाव आणि आडनाव ऐकल्यावर दलित आणि मुसलमान यांना मिळणारी उत्तरे बदलतात, हे तिने दाखवून दिले. जे आपण सोसून जाणत होतो ते आकड्यांत आले.

परंतु मला खेद वाटतो तो वेगळ्या गोष्टीचा. ज्यांच्या आजोबांबरोबर आपले आजोबा १९३८ साली कौन्सिल हॉलवर चालत गेले, त्यांच्या नातवाच्या दारात आपल्या पोराला आडनाव सांगताना चाचरावे लागते. आणि त्याहून खेद याचा की, सेक्टरात खोली घेतलेले आपले काही लोक ‘आम्हांला आपल्यातले नकोत, वस्ती बिघडते’ असे दलालाला सांगतात. कोणी मातंगाला नाकारतो, कोणी मुसलमानाला. ज्या शिडीने आपण चढलो तिचीच काठी करून खालच्याच्या पाठीत घालायची असेल, तर मधल्या शंभर वर्षांत आपण कमावले काय?

६

घरमालक होणे हे पाप नाही. दलिताच्या नावावर घर असावे, त्याचे भाडे यावे, त्यावर त्याची मुले शिकावीत, याचा आनंदच वाटला पाहिजे. ज्यांना गावात गावकुसाबाहेर राहावे लागले त्यांच्या हातात आज किल्ल्या आहेत. त्या किल्ल्यांचे काय करायचे, हा प्रश्न आहे.

कायदा घरमालकाला सांगतो ते थोडे आहे आणि अवघड नाही. करार नोंदवा, पावती द्या, पाणी तोडू नका, दुरुस्ती करा, भाडे हवे तर रीतसर मागा. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडे कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, असे सुचवले आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण कायद्याने लावण्याची वाट पाहायला पाहिजेच असे कोठे आहे? आपल्या वस्तीतल्या, आपल्या विहाराच्या मंडळाने ठरवले तर एक साधा छापील करारनामा आणि पावतीपुस्तक प्रत्येक मालकाला देता येईल. लिहिता येणारी पोरे घरोघरी आहेत. नोंदणीला घेऊन जाणारी आहेत. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या कामाला पुरेसा आहे.

खोली सोडून गेलेल्या त्या माणसाचा पत्ता माझ्याजवळ नाही. मी त्याला कागद दिला नाही, त्याने मला मागे पत्ता ठेवला नाही. हिशेब बरोबर झाला. माझ्या खोलीत आता दुसरे कुटुंब आहे. त्यांचा करार नोंदलेला आहे आणि दर महिन्याला पावती जाते. पहिली पावती दिली तेव्हा त्या घरातल्या बाईने ती दोन वेळा वाचली आणि भिंतीवरच्या तसबिरीमागे खोचून ठेवली. तसबीर कोणाची होती ते मी सांगत नाही. ती कोणाचीही असती तरी पावती देणे माझ्यावर बंधनकारकच होते.